बंगळुरूला बिऱ्हाड हलवताय? भाड्यापलीकडचा हिशेब

पुणे, कोल्हापूर किंवा नागपूरहून नोकरीसाठी सहकुटुंब बंगळुरूला निघालेल्या माणसाला सगळे एकच विचारतात, तिकडे भाडं किती? भाडं जाहिरातीत छापलेलंच असतं. तुम्हाला खरा फटका बसतो तो न छापलेल्या आकड्यांचा: डिपॉझिट, घर सोडताना रंगकामाची कपात, गाडीचा टॅक्स, उन्हाळ्यातले टँकर, मुलाच्या वर्षाचा घोळ. यातलं बरंच काही वाचवता येतं, पण त्याची कामं महाराष्ट्र सोडण्याआधीच उरकावी लागतात. म्हणून सुरुवात इकडूनच करू.

ट्रक भरण्याआधी

मुलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घ्या. परराज्यातली शाळा ती मागू शकते, आणि त्या एका सहीसाठी बंगळुरूहून परत येणं म्हणजे दोन दिवसांची रजा आणि चार जणांची तिकिटं. दाखल्यावर मुलाचा पेन क्रमांक, म्हणजे कायमस्वरूपी शिक्षण क्रमांक, आहे का तेही तपासा. नावाचं स्पेलिंग आधारशी जुळत नसेल तर दुरुस्ती इथेच करून घ्या.

अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर यांपैकी जे लागू असेल ते सेतू केंद्रातून काढून ठेवा. महाराष्ट्राच्या जातीच्या दाखल्यावर कर्नाटकच्या राज्य कोट्यातलं आरक्षण मिळत नाही. पण मुलं पुढे शिक्षणासाठी महाराष्ट्रात परतली तर हेच कागद लागतात.

गॅस सिलिंडर आणि रेग्युलेटर वितरकाकडे जमा करून टर्मिनेशन व्हाउचर घ्या आणि अनामत परत घ्या. कनेक्शनचं निळं पुस्तक सोबत ठेवा. जून २०२२ पासून नव्या जोडणीची अनामत १४.२ किलोच्या सिलिंडरला २२०० रुपये आणि रेग्युलेटरला २५० रुपये आहे. शेगडी आमच्याकडूनच घ्या, असा आग्रह वितरकाने धरला तर नाही म्हणा. ती सक्ती करता येत नाही. बंगळुरूच्या अनेक सोसायट्यांत गेल गॅसचा पाइप आलेला आहे. घर ठरवतानाच विचारा, नाहीतर सिलिंडरचं कनेक्शन घ्याल आणि ते तसंच पडून राहील.

सामान हलवणाऱ्यांशी बोलताना एक गोष्ट पक्की करा: माणूस घरी येऊन सामान पाहील, यादी करेल आणि मगच लेखी दर देईल. फोनवर सांगितलेला स्वस्त दर हा गळ असतो. सामान ट्रकमध्ये चढलं की 'जास्त निघालं' म्हणून रक्कम वाढते, आणि तेव्हा तुमचा फ्रिज त्यांच्या ताब्यात असतो. बिलात 'ऑक्ट्रॉय', 'एंट्री टॅक्स' किंवा 'परमिट' असं काही दिसलं तर सरळ खोडा. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर ते कर गेले, आणि वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिलही लागत नाही. पॅकिंगसकट सेवेवर १८ टक्के जीएसटी लागतो, तेव्हा सांगितलेला दर करासह की कराशिवाय हे लिहून घ्या. ट्रान्झिट विम्याचे पैसे घेतले असतील तर विमा कंपनीच्या पॉलिसीचा क्रमांक मागा. 'आमचाच विमा असतो' हे उत्तर चालवून घेऊ नका.

घर: आत जायचे पैसे, बाहेर पडायचे पैसे

पुण्यात दोन-तीन महिन्यांच्या डिपॉझिटची सवय असेल तर इथला आकडा दचकवतो. बंगळुरूत जुनी रीत दहा महिन्यांच्या भाड्याची. आता पाच-सहा महिन्यांवर बरेच मालक येतात, पण आपणहून नाही. घासाघीस करा. दोन महिने रिकामा राहिलेला फ्लॅट असेल तर मालक वाकतो.

एक हिशेब मांडू. भाडं ३५,००० रुपये. पाच महिन्यांचं डिपॉझिट १,७५,०००. दलालाला एक महिन्याचं भाडं, ३५,०००. पहिल्या महिन्याचं भाडं ३५,००० आणि सोसायटीचा मेंटेनन्स समजा ३,५००. म्हणजे चावी हातात येईपर्यंत २,४८,५०० रुपये बाहेर. ट्रक, गॅस, शाळा अजून यायचंय.

आता बाहेर पडायचे पैसे. बंगळुरूच्या करारात एक ओळ हमखास असते: घर सोडताना रंगकाम आणि साफसफाईसाठी एक महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून कापलं जाईल. तुम्ही अकरा महिने राहा की तीन वर्षं, भिंती स्वच्छ असोत की नसोत, कपात ठरलेली. वरच्या घरात अकरा महिने राहून निघालात तर दलाली ३५,००० आणि रंगकाम ३५,००० मिळून ७०,००० होतात. महिन्याला ६,३६४ रुपये. म्हणजे तुमचं खरं भाडं ३५,००० नसून ४१,३६४ आहे, मेंटेनन्स वेगळा, अडकलेल्या डिपॉझिटचं बुडालेलं व्याज वेगळं. तेच तीन वर्षं राहिलात तर हा भुर्दंड महिन्याला दोन हजारांच्या आत येतो. म्हणून पहिलं घर घाईत घेऊन 'नंतर बघू' म्हणू नका. आधी महिनाभर कंपनीच्या गेस्ट हाउसवर किंवा पेइंग गेस्ट म्हणून काढा आणि ऑफिस, शाळा, पाणी बघून घर ठरवा.

करार ११ महिन्यांचा, ई-स्टॅम्प पेपरवर, नोटरी केलेला असतो. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवावाच लागतो. इथे वर्षाच्या आतला करार सहसा नोंदवत नाहीत. करार घरपोच करून देणारे हजार-दीड हजार घेतात. सही करण्याआधी पाच गोष्टी शाईत आणा. रंगकामाची कपात 'प्रत्यक्ष खर्चाइतकी आणि जास्तीत जास्त इतकी' अशी लिहा, एकरकमी नको. डिपॉझिट चावी देण्याच्या दिवशीच परत, 'नंतर' नाही. लॉक-इन किती महिन्यांचा, आणि तो मोडला तर नेमकं काय कापणार. दरवर्षीची वाढ किती, बहुतेक ठिकाणी पाच टक्के. मेंटेनन्स भाड्यात की वरून, आणि पार्किंग त्यात येतं का. राहायला जाण्याच्या दिवशी प्रत्येक खोलीचा, नळाचा, गिझरचा व्हिडिओ काढून मालकाला पाठवून ठेवा. सोडताना 'ही चीर तुमचीच' म्हणण्याची वेळ येते, तेव्हा हाच व्हिडिओ कामी येतो.

पैसे बँकेतूनच द्या. मालकाचा पॅन पहिल्याच दिवशी घ्या. वर्षाचं भाडं एक लाखावर गेलं की घरभाडे भत्त्याच्या सवलतीसाठी तो लागतोच. भाडं महिन्याला ५०,००० च्या वर असेल तर २ टक्के टीडीएस तुम्ही कापून भरायचा. आणि बंगळुरूत सर्वांत दुर्लक्षित खड्डा हा: घराचा मालक अनिवासी भारतीय असेल तर ही ५०,००० ची मर्यादा लागूच होत नाही. भाडं कितीही असो, साधारण ३१.२ टक्के टीडीएस भाडेकरूने कापायचा असतो आणि त्यासाठी टॅन क्रमांक काढावा लागतो. मालक अमेरिकेत आणि भाडं त्याच्या वडिलांच्या खात्यात, असा प्रकार इथे सर्रास दिसतो. म्हणून घर नक्की कोणाच्या नावावर आहे ते खाता उताऱ्यावर, म्हणजे पालिकेच्या मालमत्ता नोंदीवर, पाहा.

'लीज' हा शब्द ऐकलात तर सावध व्हा. बंगळुरूत लीज म्हणजे मालकाला एकदम दहा-वीस लाख द्यायचे, दोन-तीन वर्षं बिनभाड्याने राहायचं आणि निघताना रक्कम बिनव्याजी परत घ्यायची. ऐकायला गोड. पण मालकाने घरावर कर्ज काढून हप्ते थकवले असतील तर बँक जप्तीला येते आणि तुमचे लाख हवेत राहतात. मधल्या दलाल कंपनीने तुमच्याकडून मोठी रक्कम घेऊन मालकाला महिन्याचं भाडंच देत राहायचं, हाही एक खेळ आहे. लीज घ्यायचंच असेल तर करार सब-रजिस्ट्रारकडे नोंदवा, एका वर्षावरच्या भाडेपट्ट्याला तो कायदाच आहे. 'कावेरी' पोर्टलवरून घराचं बोजा प्रमाणपत्र, ज्याला इथे ईसी म्हणतात, काढून पाहा. माझं मत विचाराल तर नव्याने आलेल्या कुटुंबाने लीजच्या वाटेला जाऊच नये.

पाणी आणि वीज

घर दाखवणारा बाल्कनीतून दिसणारी झाडं दाखवतो. तुम्ही विचारा, पाणी कावेरीचं की बोअरचं? सुमारे शंभर किलोमीटरवरून पंप होऊन येणारं कावेरीचं पाणी पालिकेच्या जुन्या हद्दीत बऱ्यापैकी आहे. बाहेरच्या ११० गावांसाठीचा पाचवा टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला, पण तुमच्या इमारतीने जोडणी घेतली आहे का हा प्रश्न उरतोच. जोडणी नसेल तर बोअर, आणि बोअर आटला की टँकर. टँकरचं बिल मेंटेनन्समध्ये मिसळून येतं आणि एप्रिल-मेमध्ये तोच आकडा फुगतो. म्हणून मालकाकडे सोसायटीचं मागच्या एप्रिल-मेचं मेंटेनन्स बिल मागा. डिसेंबरचं दाखवतील, ते बघू नका.

मार्च २०२४ च्या टंचाईत जिल्हा प्रशासनाने खासगी टँकरचे दर बांधून दिले होते: पाच किलोमीटरच्या आत ६,००० लिटरला ६००, ८,००० ला ७०० आणि १२,००० लिटरला १,००० रुपये. पाच ते दहा किलोमीटरला हेच ७५०, ८५० आणि १,२००. आज कोणी याच्या दुप्पट-तिप्पट सांगत असेल तर घासाघिशीला हा आधार आहे. पाणी मंडळाची हेल्पलाइन १९१६. बोअरचं पाणी जड असतं, तेव्हा गिझर आणि वॉशिंग मशीनचा दुरुस्ती खर्च गृहीत धरा. आरओ मशीन मालकाने बसवलंय की तुम्ही बसवायचं, तेही आधीच ठरवा.

वीज बेस्कॉमची. बिलावर 'आरआर नंबर' असतो, तो टिपून घ्या, सगळं काम त्यावर चालतं. २०२५-२६ मध्ये घरगुती दर युनिटला ५ रुपये ८० पैसे होता, स्थिर आकार आणि अधिभार वेगळा. एकाच मीटरवर तीन-चार घरं असतील तर मालक सब-मीटर लावतो आणि युनिटला दहा-बारा रुपये सांगतो. स्वतंत्र मीटरचं घर शोधा. दरमहा २०० युनिटपर्यंत वीजबिल माफ करणारी 'गृहज्योती' योजना भाडेकरूलाही मिळते. मात्र माफी त्या घराच्या मागच्या सरासरी वापरावर ठरते, सगळ्यांना सरसकट २०० युनिट नाहीत. आधीच्या भाडेकरूचा आधार त्या मीटरला जोडलेला असेल तर तो 'सेवा सिंधू' पोर्टलवरून सुटेपर्यंत तुमचा अर्ज अडतो. डिपॉझिट देण्याआधीच मालकाला तो सोडवून द्यायला सांगा. वीज गेली तर १९१२.

गाडी न्यायची की विकायची?

तुमचा ड्रायव्हिंग लायसन्स देशभर चालतो, त्याला हात लावू नका. गाडीचं तसं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक राहिली की तिथला क्रमांक घ्यावा लागतो. म्हणजे वर्षभरासाठी चालला असाल तर एमएच पाटीवरच राहा आणि गाडी कर्नाटकात कधी शिरली याचा पुरावा जपा: फास्टॅगचं स्टेटमेंट, ट्रकवाल्याची पावती, पार्सलची पावती. रस्त्यात अडवलं तर वाद तारखेवरूनच होतो.

कायम राहणार असाल तर क्रम असा. मूळ आरटीओकडे फॉर्म २८ भरून एनओसी. कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती आधी, आणि तीच सर्वांत वेळखाऊ. थकलेले ई-चलन आधी भरून टाका, नाहीतर एनओसी तिथेच अडकते. मग बंगळुरूत तुमच्या पत्त्याच्या आरटीओकडे फॉर्म २७, सोबत आरसी, विमा, पत्त्याचा पुरावा आणि पीयूसी. इथे पीयूसीला लोक 'एमिशन' म्हणतात. कोरमंगला केए-०१, जयनगर केए-०५, इलेक्ट्रॉनिक सिटी केए-५१, के. आर. पुरम केए-५३. गाडी प्रत्यक्ष दाखवावी लागते.

फी किरकोळ आहे: कारला ६०० रुपये, दुचाकीला ३००, स्मार्ट कार्डचे २००. दणका टॅक्सचा. कर्नाटकचा आजीवन कर देशातल्या सर्वांत चढ्या करांपैकी एक: पाच लाखांपर्यंतच्या कारला १३ टक्के, पाच ते दहा लाखांना १४, दहा ते वीस लाखांना १७ आणि त्यापुढे १८ टक्के. त्या करावर पुन्हा ११ टक्के उपकर. नऊ लाखांची कार नवीन असती तर १,२६,००० कर आणि १३,८६० उपकर, मिळून १,३९,८६० रुपये. जुन्या गाडीला वयानुसार यात घट मिळते, पण दोन-तीन वर्षांच्या गाडीला ती फार नसते. एजंट 'सगळं मिळून' एक आकडा सांगेल. तो घेऊ नका. कर स्वतः वाहन पोर्टलवर भरा आणि एजंटला फक्त त्याच्या धावपळीचे पैसे द्या.

महाराष्ट्रात एकरकमी भरलेल्या करातला उरलेल्या वर्षांचा हिस्सा परत मागता येतो. अर्ज मूळ आरटीओकडे, नव्या केए आरसीच्या आणि कर्नाटकातल्या कर पावतीच्या प्रतीसह. वेळ लागतो, खेपा पडतात, आणि बरेच जण कंटाळून सोडून देतात. सोडू नका. निघतानाच मूळ कर पावती शोधून ठेवा आणि गावातल्या एखाद्या नातेवाईकाला अधिकारपत्र देऊन या.

एनओसी घेतल्यावर विचार बदलला तर ती रद्द करायला पुन्हा चकरा, तेव्हा उगाच लवकर काढू नका. नवा क्रमांक मिळाल्यावर विमा आणि फास्टॅग दोन्ही बदला. जुन्या क्रमांकाच्या पॉलिसीवर दाव्याच्या वेळी अडचण येते. बंगळुरू विम्याच्या 'अ' विभागात येतं. पुणे-मुंबईकरांना फरक नाही, पण कोल्हापूर-सांगलीकरांचा हप्ता थोडा वाढेल.

बदल्यांची नोकरी असेल तर बीएच मालिकेचा, म्हणजे राज्य बदललं तरी चालणाऱ्या क्रमांकाचा, विचार करा. सरकारी कर्मचाऱ्यांना आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना ती २०२१ पासून मिळते. कर दोन-दोन वर्षांचा भरायचा असल्याने एकरकमी ओझं नाही. खासगी नोकरी असेल तर कंपनीचा फॉर्म ६० लागतो. निकाल स्पष्ट सांगतो: गाडी आठ वर्षांच्या पुढची असेल तर गावीच विका. दुचाकी मात्र रेल्वे पार्सलने न्या. टाकी रिकामी, आरसीची प्रत सोबत, पॅकिंग स्टेशनबाहेर.

शाळा: वयाची आणि सहावीची अट

महाराष्ट्रात पहिलीला ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण चालतात. कर्नाटकचा नियम १ जूनला सहा पूर्ण असा आहे. २०२५-२६ साठी तिथे एकदा सवलत दिली गेली, पण तिच्यावर भिस्त ठेवू नका. जून ते डिसेंबरमध्ये जन्मलेलं मूल मोठ्या शिशुवर्गात असेल तर बंगळुरूत ते एक वर्ष मागे पडू शकतं. शक्य असेल तर पहिली महाराष्ट्रात पूर्ण करून थेट दुसरीत न्या.

२०१५ च्या कायद्याप्रमाणे कर्नाटकातल्या शाळांत, सीबीएसई आणि आयसीएसईसुद्धा, कन्नड शिकवलं जातं. सातवीतल्या मुलाला एकदम सातवीचं कन्नड झेपणार नाही. नव्याने आलेल्या मुलांसाठी शाळा काय करते, परीक्षेतले गुण कसे धरते, हे फी भरण्याआधी विचारा. शिकवणी लागेल, ती खर्चात धरा. फीच्या कागदावर 'ॲडमिशन फी' परत न मिळणारी असते, बसचं भाडं अंतरावर, पुस्तकं-गणवेश शाळेच्याच दुकानातून. हे तिन्ही आकडे वेगळे मागा.

मोठ्या मुलांच्या पालकांनी हे नीट वाचा. कर्नाटकच्या सीईटीत राज्याच्या जागांसाठी सर्वसाधारण अट पहिली ते बारावीत सात वर्षं कर्नाटकात शिकल्याची. महाराष्ट्रातल्या वैद्यकीय प्रवेशाचा राज्य कोटा दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून मागतो. आता मोजा. सहावीत आलेलं मूल बारावीपर्यंत सात वर्षं भरतं. आठवीत आलेलं पाचच भरतं, म्हणजे कर्नाटकची अट पुरी होत नाही आणि महाराष्ट्राची हातची जाते. काही नोकऱ्यांना अपवाद आहेत, ते कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाच्या माहितीपुस्तिकेत पाहा. मूल आठवी-नववीत असेल आणि डॉक्टर व्हायचं म्हणत असेल, तर एका पालकाने मागे राहण्याचा खर्च या गणितात स्वस्त पडू शकतो.

रोजचं

रिक्षाचं मीटर १ ऑगस्ट २०२५ पासून पहिल्या दोन किलोमीटरना ३६ रुपये, पुढे किलोमीटरला १८. रात्री दहा ते पहाटे पाच दीडपट. मीटरने येणारे थोडे, म्हणून ॲपवर दर बघा आणि मगच बोला. 'मीटर हाकी' (मीटर टाका) आणि 'एष्टु' (किती) एवढं कन्नड पहिल्या आठवड्यात आलंच पाहिजे. हिंदीतून सुरुवात करण्यापेक्षा 'कन्नड गोत्तिल्ला' (कन्नड येत नाही) म्हणून हसलात तर समोरचा मऊ होतो.

मेट्रोचं भाडं फेब्रुवारी २०२५ च्या वाढीनंतर १० ते ९० रुपये, स्मार्ट कार्डावर ५ टक्के सूट. ऑगस्ट २०२५ मध्ये आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र ही पिवळी मार्गिका सुरू झाल्यापासून इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी असणाऱ्याने जयनगरच्या बाजूला घर बघणं शहाणपणाचं. विमानतळाला मेट्रो नाही. बीएमटीसीची 'वायुवज्र' बस टॅक्सीच्या तुलनेत बरीच स्वस्त.

'शक्ती' योजनेत साध्या सरकारी बसमध्ये बायकांना प्रवास मोफत, पण ओळखपत्रावर पत्ता कर्नाटकचा हवा. म्हणून आधारचा पत्ता लवकर बदला. फी ७५ रुपये, कामं बंगलोर वन केंद्रांत आणि पोस्टात होतात. मात्र महाराष्ट्रातली अधिवासाची आणि आरटीओची कामं बाकी असतील तर ती आधी, पत्ता नंतर.

दूध नंदिनीचं, महाराष्ट्रातल्या ब्रँडपेक्षा स्वस्त. भाजी-फळांना हॉपकॉम्सची दुकानं भावाला सरळ. ज्वारीचं पीठ कुठेही मिळतं आणि तयार भाकरी हवी असेल तर उत्तर कर्नाटकी खानावळ शोधा. इंद्रायणी तांदूळ मात्र गावाहूनच आणा.

शेवटचा खर्च सणाचा. इथल्या राज्य मंडळाच्या शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याला असते, दिवाळीला दोन-चार दिवसच. त्यामुळे दिवाळीला गावी जायचं तर सगळे एकाच दिवशी निघतात आणि खासगी बसचं भाडं दुप्पट-तिप्पट होतं. उद्यान एक्स्प्रेसचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सकाळी आठला उघडतं. शाळेच्या सुट्ट्यांची यादी प्रवेशाच्या दिवशीच मागून घ्या आणि तारीख कॅलेंडरवर खूण करून ठेवा.